पाण्याकाठचे सात दगड

विहिरीच्या काठावर किंवा नदीच्या डोहापाशी शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतात. वर छप्पर नसते, कळस नसतो. या साती आसरा. महाराष्ट्रात ठिकठिकाणी, आमच्या खानदेशातही, लोक त्यांना जलदेवता मानतात. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’वरून आला, असे अभ्यासक म्हणतात. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही सातांपैकी पाचांची नावे. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर असे पाण्यातले जीवच या नावांत नांदतात. दूर जपानातही शिंतो परंपरेत विहिरीपाशी, झऱ्यापाशी ‘सुइजिन’ या जलदेवतेची अशीच इवलीशी देवळे असतात.

नवापूर तालुक्यातील विसरवाडीसारख्या गावी ख्रिस्ती आणि इतर आदिवासी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेथे अशा स्थानापुढे आपण कसे वागावे? पहिली आज्ञा स्पष्ट आहे; पूजा आपल्याला वर्ज्य आहे. परंतु उपासना नाकारली म्हणून उपहासाची मुभा मिळत नाही. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले.

या दगडांतले सत्य कोणते? पाणी माणसाच्या मालकीचे नव्हे, ही जाणीव. ती भीतीत गुंडाळलेली होती, हे खरे. कोणी बुडाले, एखादी बाई आजारी पडली, की आसरांचा कोप म्हणत. औषधोपचार मागे पडे. त्या भीतीतून सुटका होणे शुभच आहे. मात्र भीती गेल्यावर त्याच विहिरीत आपण कचरा टाकू लागलो, बोअरवेल खोल नेऊन शेजाऱ्याची विहीर आटवू लागलो, तर आपण मुक्त झालो की निर्ढावलो?

याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूला शोमरोनी स्त्री भेटली. दोघांच्या लोकांतील उपासनेचा भेद त्याने झाकला नाही. तरी बोलण्याचा आरंभ त्याने तिच्याकडे पाणी मागून केला.

पास्काच्या रात्री आपण पाणी आशीर्वादित करतो. पाण्यानेच आपल्या लेकरांना स्नानसंस्कार देतो. सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. आसरांपुढे हात न जोडणाऱ्या घराची विहीर गावात सर्वांत स्वच्छ असावी आणि उन्हाळ्यात ती सर्वांना खुली असावी, असे आम्हांला वाटते. पाण्याच्या निर्मात्यावरील आपली श्रद्धा शेजाऱ्याला तेथेच दिसेल.