कापसाची गाठ, कॅमेऱ्याची घडी

मामिया सिक्स हा जुना जपानी घडीचा कॅमेरा मिटलेला असताना कोटाच्या खिशात मावतो, असं त्याचं कौतुक केलं जातं. मुंबईच्या घामात कोट कोण घालणार! माझा शबनममध्ये असतो. बटण दाबलं की पुढचं दार उघडतं, पेटीच्या भात्यासारखा काळा भाता भिंगाला पुढे घेऊन येतो आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खटकन ताठ होतात. आत 120 नंबरचा रोल, त्यावर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो. बारा झाले की दुकान बंद.

त्या रविवारी मी हे दुकान कॉटन ग्रीनला उघडलं होतं. स्टेशनच्या पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर, माणसांची वर्दळ. पूर्वेला कॉटन एक्स्चेंजची इमारत, पोर्ट ट्रस्टची गोदामं, उभे ट्रक. जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांना असल्या जागा फार आवडतात. उखडलेला गिलावा कृष्णधवल रोलवर देखणा दिसतो. मीही त्याच मोहाने गेलो होतो. पण तिथे उभं असताना जाणवलं, की हातातली वस्तू आणि समोरची इमारत यांची ओळख माझ्याहून जुनी आहे.

मुंबईचा कापूसबाजार आधी फोर्टातल्या मैदानावर भरायचा. 1844 मध्ये तो कुलाब्याला हलला आणि विसाव्या शतकात शिवडीच्या बाजूला, भराव घालून केलेल्या जमिनीवर आला. ‘ग्रीन’ हे नाव बरोबर आलं, हिरवळ मागेच राहिली. या बाजाराचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे जपान. नोव्हेंबर 1893 मध्ये निप्पोन युसेन कैशा या कंपनीचं ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईला यायला निघालं. या मार्गामागे जमशेटजी टाटांचा हात होता. ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून ही भागीदारी मोडायचा चंग बांधला. टाटांना माघार घ्यावी लागली, जपानी टिकले.

पुढे 1933 मध्ये इथल्या सरकारने ब्रिटिशेतर कापडावर 75 टक्के जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. तडजोड झाली ती अगदी वाण्याच्या हिशेबाने: जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यायचा आणि साडेबत्तीस कोटी वार कापड आपल्याला विकायचं. कच्चा माल इकडून, पक्का माल तिकडून. हेच इंग्रजांनी केलं की त्याला काय म्हणायचं, ते आपण शाळेत पाठ केलेलं असतं.

त्याच दशकात जपानमध्ये घडीच्या कॅमेऱ्यांचं पेव फुटलं. सेमी मिनोल्टा, कोनिशिरोकूचा पर्ल, पाठोपाठ ऑलिंपस सिक्स. ‘सेमी’ म्हणजे सहा बाय नऊच्या निम्मी चौकट, एका रोलवर सोळा फोटो. स्पष्ट सांगायचं तर ही नक्कल होती. जर्मनीच्या झाइस आयकॉनचा इकोंटा समोर ठेवायचा आणि तसा करून बघायचा.

पण घडीच्या कॅमेऱ्याला एक जुनं दुखणं आहे. भिंग भात्याच्या टोकाला, चार पट्ट्यांच्या भरवशावर उभं असतं. फोकस करायला ते अख्खं पुढे-मागे करावं तर सांगाडा खिळखिळा होतो. नुसती पुढची काच फिरवावी, तर जवळच्या फोटोची धार जाते. सेइइची मामिया यांनी 1940 मध्ये हा प्रश्नच उलटा करून टाकला. भिंग जागच्या जागी ठेवलं आणि फिल्म हलवली. पाठीमागचं दातेरी चाक अंगठ्याने फिरवलं की आतली फिल्मची चौकट काही मिलिमीटर सरकते, एवढंच. अंतर मोजणारी यंत्रणाही मग पेटीतच राहते, भिंगापर्यंत तरफा न्याव्या लागत नाहीत. नक्कल करता करता कुणाला तरी मूळ वस्तूतलं वैगुण्य दिसलं आणि ते त्याला सहन झालं नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर घरोघरी पोहोचला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात बनायचा. तोच 120 चा रोल, तेच बारा चौरस फोटो. फोकस ठरलेला, ऊन पाठीशी घ्या आणि दाबा. मी त्याला नावं ठेवणार नाही, माझ्या बारशापासून मुंजीपर्यंतचे फोटो त्याच डबीने काढले आहेत. पण लग्नाला दादर-गिरगावचा स्टुडिओवाला यायचा तेव्हा त्याच्या गळ्यात बहुधा दोन भिंगांचा याशिका असायचा. म्हणजे पुन्हा जपान.

असं का झालं, याचं उत्तर बहुतेक जण ‘लायसन्स-परमिट’ या जोडशब्दात देऊन मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. दार जपाननेही लावलं होतं. 1937 नंतर तिथेही परदेशी कॅमेऱ्यांची आयात आवळली गेली. फरक दाराआड होता. तिथे लहानमोठ्या कंपन्यांच्या कुस्त्या लागल्या होत्या. आपल्याकडे आखाड्यात जेमतेम एखादा पैलवान आणि तोच कायमचा विजेता. युद्धानंतर जपानी मालावर ‘व्याप्त जपानमध्ये बनवलेला’ असा शिक्का मारून तो निर्यात करायची पाळी आली. जपानी म्हणजे हलका, ही ख्याती पुसायला त्यांनी 1954 मध्ये कॅमेरे तपासणारी संस्थाच काढली. ‘पास्ड’ लिहिलेली तिची सोनेरी टिकली अजून कित्येक जुन्या कॅमेऱ्यांवर चिकटलेली दिसते.

म्हणून जपानची आरती ओवाळायचंही कारण नाही. 1917 ची निप्पोन कोगाकू आणि 1932 ची तोक्यो कोगाकू या कंपन्या आरमाराच्या आणि लष्कराच्या दुर्बिणींसाठी उभ्या राहिल्या. तिथले भिंग घासणारे हात युद्धाच्या पैशावर तयार झाले. आणि पोलाद आधी, धान्य आधी, कॅमेरा मागून, असा क्रम लावणाऱ्या आपल्या लोकांना आज मूर्ख ठरवणं फार सोपं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. नकलेला आपण हसतो. ‘हे काय, तिकडचंच उचललंय’ म्हटलं की आपली समीक्षा संपते. त्यामुळे नक्कलही आपण मन लावून करत नाही आणि तिच्या पुढची पायरी कधी येतच नाही. हात नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये.

माझा मामिया मी फोर्टातल्या एका दुकानातून घेतला. ‘साहेब, लेन्स बघा, एकदम क्लीन,’ दुकानदार म्हणाला, आणि लेन्स खरोखर स्वच्छ होती. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी न धरलेलं भिंग म्हणजे नवलच. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून पाहिलं, भात्यालाही भोक नव्हतं. पहिला रोल धुऊन आला तो सगळा गिचमिड. मामियांच्या युक्तीची एक किंमत आहे: फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी या कॅमेऱ्यात सुटी असते, रोल भरल्यावर ती आत सरकवावी लागते. माझ्या कॅमेऱ्यात ती नव्हतीच. दुकानदाराने हात वर केले.

शेवटी एका मित्राच्या कॅमेऱ्यातली पट्टी उसनी घेऊन लालबागच्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते गिरणीत फिटर होते, 1982 च्या संपानंतर चाळीच्या जिन्याखाली पंखे-मिक्सर दुरुस्त करत बसले. पट्टी त्यांनी उलटसुलट केली, कडेवरून नख फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला. चार दिवसांनी पितळेची पट्टी तयार होती, वर काळा रंग. फक्त कोपरे मूळ पट्टीपेक्षा गोल होते. मी विचारलं, तर म्हणाले, ‘तिचे कोपरे टोचत होते. फिल्मवर चरे नाय का पडणार?’

त्या पट्टीवर कॉटन ग्रीनचे बारापैकी नऊ फोटो नीट आले. दोन माझ्या हातून हलले, एकात ट्रक आडवा आला.

जुना मामिया सिक्स घेणार असाल तर मागचं दार उघडून पट्टी आहे ना, ते आधी बघा. लेन्स नंतर.