गंबोरो, बी पेशी आणि मुरलेले विषाणू
नगर जिल्ह्यात ब्रॉयलरचं शेड चालवणाऱ्याला गंबोरो म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काही पिल्लं लगेच जातात, पण खरा फटका नंतर बसतो. कोवळ्या वयात लागण होऊन वाचलेल्या पिल्लांना मानमोडीची लस नीट लागत नाही आणि कुठल्याही साध्या जंतूने मरतूक वाढते. कारण गंबोरोचा विषाणू गुदद्वारावरच्या बर्सा नावाच्या पिशवीतल्या बी पेशीच मारतो. प्रतिपिंडं बनतात ती याच पेशींच्या वंशात.

शास्त्रालाही हा धडा कोंबडीनेच दिला. बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं जवळपास तयार होत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं. ‘सायन्स’ने लेख नाकारला, १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला आणि बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. कोंबड्यांचं नियतकालिक कोण वाचणार! १९६५मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच दाखवलं की प्रतिकाराच्या फौजा दोन आहेत, बी आणि टी.

मग कामाची वाटणी फार लवकर ठरून गेली. बाहेरच्या जंतूंना प्रतिपिंडं, पेशीत मुरलेल्या विषाणूला टी पेशी. पुरावाही होता. १९५२मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी रक्तात गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडंच, नसलेला मुलगा नोंदवला. अशा मुलांना न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होई, पण गोवर बहुधा नेहमीसारखाच येऊन जाई. अपवाद मात्र बोलका होता: आतड्यातून शिरणारे काही विषाणू त्यांच्या मेंदूत वर्षानुवर्षं ठाण मांडत. बी पेशी नसलेल्या उंदरांतही तेच दिसलं. टी पेशींनी दाबलेला विषाणू कालांतराने पुन्हा वर येई.

टी पेशी लागण झालेली पेशी मारतात, पण तिच्यातून आधीच सुटलेले विषाणू प्रतिपिंडांनाच टिपावे लागतात. शिवाय बी पेशी विषाणूचे तुकडे मदतनीस टी पेशींना दाखवून त्यांनाही जागं ठेवतात. म्हणजे वाटणी कधी इतकी स्वच्छ नव्हतीच.

एचआयव्ही नेमका या जोडीवर घाव घालतो. मदतनीस टी पेशी मरतात, बी पेशी दिशाहीन होतात. प्रतिपिंडं बनेपर्यंत विषाणूने रूप बदललेलं असतं. अनेक प्रकारच्या एचआयव्हीला रोखणारी प्रतिपिंडं मोजक्याच रुग्णांत, तीही काही वर्षांनी तयार होतात. एचआयव्हीबाधितांसाठी काम करणारी नगरची ‘स्नेहालय’ संस्था १९८९मध्ये सुरू झाली तेव्हा या विषाणूवर परिणामकारक संयुक्त उपचार जगातच नव्हता. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधं, मोफत मिळू लागली ती २००४पासून. तोवर बहुतेकांची भिस्त शरीराच्या या अपुऱ्या लढाईवरच होती.

मुरलेल्या विषाणूला दाबायला बी पेशीही लागतात याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आला तो मात्र औषधाच्या दुष्परिणामातून. रिटुक्सिमॅब रक्ताच्या काही कर्करोगांत आणि संधिवातात बी पेशी नाहीशा करतं. ज्यांची हिपॅटायटिस बी कधीच बरी झाली असं मानलं होतं, अशा काहींच्या यकृतात ती या औषधानंतर उसळली, काही दगावलेही. विषाणू गेलाच नव्हता. इतर प्रतिकाराबरोबर बी पेशीही त्याला दाबून होत्या. २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलची सूचना अधिक कडक केली. आता औषध सुरू करण्याआधी चालू लागणीबरोबर जुन्या लागणीची खूण, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडंही तपासतात.