ठरलेली वाट बंद होते तेव्हा



पावसाळ्यात आपले तरुण सह्याद्रीच्या गडांकडे निघतात, तेव्हा सारे आधीच ठरलेले असते. पण वर गेल्यावर धुके उतरते, ओढा फुगतो आणि ठरलेली वाट बंद होते. अशा वेळी काय करावे? हा प्रश्न केवळ डोंगरातला नाही, तो आपल्या घराघरांतलाही आहे.

१९२२ साली पोप झालेले अकरावे पायस हे तरुणपणी गिर्यारोहक होते. तेव्हा ते मिलान येथील धर्मगुरू फादर अकिले रात्ती होते. जुलै १८८९ मध्ये ते आपले सहकारी फादर ग्रासेल्ली आणि दोन वाटाडे यांच्यासह आल्प्समधील मोंते रोझा पर्वताची पूर्वेकडची बाजू चढून गेले. याच बाजूवर १८८१ साली हिमकडा कोसळून तिघांचा बळी गेला होता. ४,६३४ मीटर उंचीचे शिखर गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. अंधारात खाली उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून शिखराच्या जरा खाली, खडकाच्या एका अरुंद कपारीवर त्यांनी रात्र काढली. कडाक्याच्या थंडीने जवळची कॉफीसुद्धा गोठली. झोप लागली तर प्राण जाण्याचे भय, म्हणून सारे जागेच राहिले. उजाडल्यावर एका अनोळखी खिंडीतून ते पलीकडे उतरू लागले. पुढची रात्रही हिमनदीच्या काठी उघड्यावर काढावी लागली, पण सर्वजण सुखरूप पोहोचले.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. अंधारात धावपळ केली नाही. एकमेकांना सोडले नाही. उजेड होताच नव्या वाटेने चालू लागले. गिर्यारोहण म्हणजे आंधळे धाडस नव्हे, त्याला धैर्याबरोबर विवेक हवा, असे फादर रात्ती मानत असत.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात संत पौलाचेही असेच झाले. त्याला आशिया प्रांतात वचन सांगायचे होते, पवित्र आत्म्याने मना केले. तो बिथुनियाकडे वळला, तेथेही वाट मिळाली नाही. का, ते त्याला सांगितले गेले असे कोठेही लिहिलेले नाही. तरी तो रुसून माघारी फिरला नाही. मुसियातून चालत तो समुद्रकाठी त्रोवसला आला. तेथे रात्री त्याला दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस बोलावताना दिसला. समुद्रापलीकडे फिलिप्पै येथे लुदियाने आपले अंतःकरण आणि आपले घर प्रभूसाठी उघडले. दोन दारे बंद झाली, म्हणून पौल तिसऱ्या दारापर्यंत पोहोचला.

आपल्याही घरांत बेत मोडतात. मुलाचा प्रवेश हुकतो, परदेशातली नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते, डॉक्टरांच्या एका रिपोर्टाने सारे वर्ष बदलते. तेव्हा घाईघाईने, रागाच्या भरात निर्णय घेणे म्हणजे अंधारात कडा उतरणे होय. थांबणे हा पराभव नाही. थांबून प्रार्थना करणे, जाणत्यांचा सल्ला घेणे, उजाडण्याची वाट पाहणे, हीसुद्धा श्रद्धाच आहे.

पण ती रात्र कोणी एकट्याने काढू नये. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी आल्प्सच्या २,४६९ मीटर उंच खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. बर्फात अडकलेल्यांना तेथे ऊब आणि भाकर मिळे. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी याच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. एका रात्रीच्या थंडीने त्यांना निवाऱ्याची किंमत शिकवली होतीच!

आपला धर्मग्राम असे आश्रयगृह आहे काय? शेजारच्या घरात लग्न मोडले, तर आपण चौकशा करतो की दार उघडतो? नापास झालेला मुलगा पुढच्या रविवारी मिस्साला यायला लाजतो, तेव्हा त्याला बाकावर आपल्या शेजारी जागा कोण देतो? या आठवड्यात आपण प्रत्येकाने अशा एका तरी घरी जाऊ या. उपदेश नको, सोबत पुरे.

हे प्रभो, आमचे बेत मोडतील तेव्हा आमची श्रद्धा मोडू देऊ नकोस. उजाडेपर्यंत आम्हांला एकमेकांच्या सोबतीने जागे ठेव आणि तुझ्या वाटेने चालव. आमेन.