आत्ता म्हणजे कधी?

पहाटे पाचच्या सुमारास उठा. घरात अजून कोणी जागं नाही, नळाला पाणी यायला अवकाश आहे. बंद खिडकीपाशी खुर्ची ओढा आणि शेजारी एक दिवा लावा. समई असली तर उत्तम, नाहीतर टेबललॅम्प चालेल. पाठ टेका. मांडी घालायलाच हवी असं नाही.

ध्यान शिकवणारे सांगतात, ‘आत्ता’त राहा. आपणही तेच करणार आहोत. फक्त एक प्रश्न सोबत घेऊन बसायचं: आत्ता म्हणजे कधी? मी भौतिकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. वाचत आलो, अडत आलो. जिथे अडतो तिथून लगेच उठू नये, एवढं मात्र त्या वाचनानं शिकवलं. आज अशाच दोन-तीन अडलेल्या जागांवर बसू.

समोरच्या काचेकडे पाहा. बाहेर काळोख आहे, म्हणून काचेत तुमचा चेहरा दिसतो. दिव्याचा प्रकाश गालावर पडला, तिथून काचेवर गेला आणि उलटून डोळ्यांत आला. काच दीड मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तीन मीटर. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. हा आकडा इतका पक्का, की १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्याच्यावर बेतलेली आहे. म्हणजे काचेतला चेहरा सेकंदाच्या साधारण दहा कोटीव्या भागाइतका जुना. फार नव्हे. पण जुना.

आता नजर हळूहळू लांब न्या. रस्त्यावरचा दिवा किंचित अधिक जुना. चंद्र असेल तर तो सव्वा सेकंदापूर्वीचा. थोड्या वेळानं सूर्य उगवेल, तो आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वीचा असेल. चहाचं आधण ठेवून चहा कपात ओतेपर्यंत जेवढा वेळ जातो, जवळजवळ तेवढा. गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखी दिसते ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर नव्हती.

प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, हे १६७६ साली पॅरिसमध्ये ओले रोमरनं ओळखलं. गुरूचा आयो नावाचा चंद्र ग्रहणात जायचा-यायचा. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ती ग्रहणं उशिरा दिसायची, जवळ येऊ लागली की लवकर. आयो वेळ चुकवत नव्हता. बातमी यायला उशीर होत होता.

इथे थांबा. दोन-चार श्वास येऊ द्या, जाऊ द्या. जे काही दिसतं ते होऊन गेलेलं आहे. एवढंच मनात राहू द्या.

आता उजवा हात पुढे करा. तळवा वर, तीर्थ घेताना धरतो तसा. काही जाणवणार नाही, तरी धरून ठेवा. एक... दोन... तीन... साधारण दर सेकंदाला एक, अशा गतीनं म्यूऑन नावाचे कण त्या तळव्यातून आरपार जात आहेत. अंतराळातून आलेले वेगवान कण वर, सुमारे १५ किलोमीटरवर, हवेवर आदळतात आणि त्या घडामोडीत हे जन्मतात. आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. एवढ्यात प्रकाशाच्या वेगानं धावलं तरी साडेसहाशे-सातशे मीटर होतात. बहुतेकांनी वाटेतच संपायला हवं. पण तुमचा हात तर मोजतोय.

हे कसं? १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइनस्टाइननं एक गोष्ट धरून ठेवली: प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मोजला जाणार, तुम्ही उभे असा की धावत असा. तो वेग हटत नाही, मग अंतर आणि काळ यांनाच वाकावं लागतं. आपण पाहिलं तर म्यूऑनचं घड्याळ मंद चालतं, म्हणून तो खालपर्यंत टिकतो. म्यूऑनच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं घड्याळ ठीक आहे. आपलंच १५ किलोमीटरचं आकाश आकसून काहीशे मीटर झालंय. दोघांचा हिशेब वेगळा, पण तळव्यावर पोचण्याबद्दल दोघांचं एकमत.

अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांतल्या अशा कणांवरून आइनस्टाइनचा हा सापेक्षता सिद्धांत पडताळून पाहता येईल, असं १९३८ मध्ये लिहिणारा तरुण शास्त्रज्ञ मुंबईत वाढलेला होता: होमी भाभा. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरावर आणि खाली हे कण मोजून ते दाखवलंही.

हौशी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग खुद्द प्रकाशाला वेळ जाणवत असेल का? मीही बरीच वर्षं त्यात रमलो. उत्तर थोडं हिरमोड करणारं आहे. प्रकाशाच्या पाठीवर बसून जग पाहायला त्या सिद्धांतात जागाच नाही. काही प्रश्न चुकीचे नसतात, त्यांना बसायला पाट नसतो.

हात मांडीवर ठेवा. आता ‘आत्ता’ केवढं उरलं पाहा. सगळ्या विश्वावर एकदम पडणारा एकच टोला नाही. ज्याचं घड्याळ त्याच्यापाशी. तुमचं आत्ता या खुर्चीएवढं.

पुन्हा काचेकडे वळू. काचेच्या एका पृष्ठभागावरून शंभरातले साधारण चार भाग प्रकाश परत फिरतो, बाकीचा पुढे जातो. पण प्रकाश सुट्या कणांच्या, म्हणजे फोटॉनांच्या रूपात टिपला जातो, आणि अर्धा फोटॉन कधीच सापडत नाही. मग एकटा फोटॉन काचेशी आला, की तो परतणार की पार जाणार? त्याच्यावर काही खूण नसते. क्वांटम सिद्धांत फक्त शक्यता सांगतो, आणि शक्यता मात्र अगदी नेमकी सांगतो.

१९०९ मध्ये जी. आय. टेलरनं ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा ठेवून उजेड इतका क्षीण केला, की सुईच्या सावलीचं एक छायाचित्र उमटायला सुमारे तीन महिने लागले. सावलीच्या कडेचे पट्टे मात्र भरपूर उजेडात दिसतात तसेच उमटले. थेंबाथेंबानं येऊनही प्रकाश लाटेची नक्षी विसरला नव्हता. क्वांटम म्हटलं की चैतन्य, ऊर्जा, संकल्पशक्ती असं बरंच काही लोक त्याच्या गळ्यात बांधतात. आपण तिकडे जायचं नाही. तीन महिने, एक सुई आणि ते पट्टे. मनन करायला एवढं पुरे आहे.

डोळे मिटा. काही म्हणू नका. डोळे उघडा.

बाहेर उजाडू लागलंय. काचेत आधी झाडाचा आकार येतो, मग समोरच्या घराची कौलं. तुमचा चेहरा पुसट होत जातो. दूधवाला जातो. आता काचेत फक्त सकाळ आहे.

पण दिवा अजून तेवतोय. काचेचा तो पृष्ठभाग अजूनही शंभरातले चार भाग परत पाठवतोय, पहाटे पाठवत होता तेवढेच. चेहरा गेलेला नाही. बाहेरचा उजेड त्याच्याहून मोठा झालाय, इतकंच.

दिवा मालवायला आता हरकत नाही.