रिकिबीत पाय

आजचं वाचन कठोपनिषदाची तिसरी वल्ली. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे.

वाचताना माथेरानचा एक घोडेवाला आठवला. नवी घोडी, रिकिबीत पाय ठेवला की चालू पडायची. मला वाटलं, आता चाबूक! पण त्याने लगामही ओढला नाही. म्हणाला, "ताई, एका अंगाला वजन आलं की तिचा तोल जातो, म्हणून पाय उचलते." मग तिला चारी पायांवर नीट उभी करायचा, अर्धवट चढायचा, ती हलायच्या आत उतरायचा, मान थोपटायचा. पुन्हा तेच. त्या दिवशी बसला मात्र नाही.

मी तर तिला हट्टी ठरवून मोकळी झाले होते! काल लेक अभ्यासावरून तिसऱ्यांदा उठला, तेव्हाही ओरडलेच. कशाने उठतोस रे, हे विचारलंच नाही. आज विचारीन.