सूर कोणाचा?

चैत्रात एकवीरेच्या दर्शनास कोळी-आगरी मंडळी वाजतगाजत कार्ल्याचा डोंगर चढतात, तेव्हा त्या ताफ्यातील क्लॅरिनेटचा सूर वाद्याचा म्हणावा की माउथपीसचा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. माउथपीसच्या पोटातील पोकळी नळीच्या बेताची नसली, तर खालचे स्वर जुळूनही, सप्तक ओलांडून पंचमावर उडणारे त्यांचे जोडीदार ढळतात. दोन्ही अवयव स्वतंत्रपणे निर्दोष असूनही. नैयायिक येथे अवयवांहून भिन्न असा अवयवी मानतील. उलट देवळालगतच्या चैत्यगृहातील भिक्षूंच्या परंपरेत, मिलिंद राजाला नागसेनाने सांगितल्याप्रमाणे, रथ हे चाक, आस इत्यादींवरून पडलेले केवळ व्यवहारातले नाव होय. मला नागसेनाचा पक्ष पटतो, कारण नामांकित माउथपीस (किंमत पाहून घेतलेला, अर्थातच) परक्या नळीवर चढताच त्याचा लौकिक बेदखल होतो. माउथपीस आणि नळी यांमधला बॅरल तिळभर बाहेर ओढण्याची तजवीज वादक करतो खरा, पण त्याने मधले स्वर अधिक उतरतात, बाकीचे कमी, आणि तफावत कायम राहते.