निकस माती

मागच्या वर्षी गणपती उरकल्यानंतरच्या रविवारी मी आणि माझा अकरावीतला मावसभाऊ मोहोपाड्याहून माणिकगडाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. गडावर चढायचं नव्हतं. खालच्या उतारावर एक सपाट कातळ आहे. त्यावर बोटभर मातीचा थर आणि पावसाळाभर झिरपणारं पाणी. नक्की कुठे ते लिहीत नाही, कारण दहा जण रील काढायला गेले तरी तिथलं सगळं बुटांखाली जाईल.

त्या मातीत दवबिंदू उगवतो. वनस्पतिशास्त्रातलं नाव ड्रॉसेरा इंडिका. वीतभरही उंच नसलेलं रोप, दोऱ्यासारखी पानं, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकणारा थेंब. सकाळचे अकरा वाजले, गवतावरचं दव सुकून गेलं, तरी हे थेंब तसेच होते. कारण ते दव नाही, डिंक आहे.

एका पानावर एक चिलट अडकलं होतं. सुटायला पाय झाडायचं आणि दर झटक्याला आणखी एका थेंबाला चिकटायचं.

"दादा, काढू का त्याला?" भावाने विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच गवताची काडी तोडली आणि चिलट सोडवलं. पण त्याचे पंख अंगाला चिकटले होते. भावाच्या तळहातावर ते दोन-तीन मिनिटं वळवळलं आणि थांबलं. मागे पाहिलं तर काडीने पानावरचे अर्धे थेंब पुसून गेले होते. म्हणजे चिलट वाचलं नाही आणि रोपाचा घासही गेला.

परतताना भाऊ म्हणाला, "आपण केलं ते बरोबर की चूक?"

त्या वेळी मी "माहीत नाही रे" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आधी रोपाची बाजू बघू. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो हवेतून थेट घेता येत नाही, मातीतून घ्यावा लागतो. आणि या कातळावरच्या मातीतलं खत कोकणचा पाऊस दर वर्षी धुऊन नेतो. अशा जागी टिकायचं तर नायट्रोजन दुसरीकडून मिळवायला हवा. दवबिंदूने तो किड्यांच्या अंगात शोधला. त्याच कातळावर निळ्याजांभळ्या फुलांची सीतेची आसवं फुलतात. नाव इतकं हळवं, पण ओल्या मातीत त्यांच्या बारीक पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जीवांना सेकंदाच्या हजाराव्या भागात आत ओढून घेतात. त्यांच्याच कुळातलं बटरवर्ट हिमालयात उगवतं, लोणी फासल्यासारख्या पानांवर चिलटं पकडतं. जागा वेगळ्या, अडचण तीच : निकस माती.

चार्ल्स डार्विनने या वनस्पतींवर १८७५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. दोन वर्षांनी त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, दवबिंदूच्या काही रोपांना मांसाचे बारीक तुकडे खायला घातले आणि काहींना उपाशी ठेवलं. उपाशी रोपंही जगली, पण खाल्लेल्या रोपांना कितीतरी जास्त बी धरलं. आमचा दवबिंदू एकाच हंगामाचा. कातळ सुकायच्या आत बी टाकलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे कोणी नाही. म्हणजे मी सोडवलेलं चिलट हे कुणाच्या तरी पुढच्या पिढीचं अन्न होतं.

मग चिलटाचीच दया का आली? कारण ते हलत होतं. रोपाची भूक हलत नाही, म्हणून दिसत नाही. आपली दया बहुतेक वेळा हलणाऱ्याच्या बाजूने असते.

इथवर येऊन मी थांबलो असतो. पण मंगळवारी ऑफिसमध्ये मीटिंग होती.

मी मोबाईल गेम बनवणाऱ्या टीममध्ये आहे. आमच्या धंद्यात 'स्टिकीनेस' हा खराखुरा शब्द आहे, म्हणजे चिकटपणा. महिन्याभरात येणाऱ्या लोकांपैकी रोज किती येतात, ते त्याचं माप. रात्री अकरानंतर चमकणारं नाणं दाखवायचं, एक दिवस चुकला तर आधीची सगळी कमाई शून्य करायची, हे फीचर माझ्याकडे होतं. मीटिंगमध्ये मी म्हणालो, शाळेतली मुलं यात अडकतील. एक जण हसून म्हणाला, "अरे, निसर्गातही हेच चालतं. प्रत्येकाला पोट आहे."

मला तो कातळ आठवला. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पण रोपाला दुसरा रस्ता नाही. ते उठून चांगल्या मातीत जाऊ शकत नाही. ज्याला निवड नाही त्याला दोष नाही. आम्ही आठ जण एसीत बसून निवडच करत होतो.

शिवाय एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. युरोपातल्या दलदलींत दवबिंदूचे भाऊबंद आहेत. मातीतून जास्त नायट्रोजन मिळू लागला की त्यांच्या पानांचा चिकटपणा कमी होतो, असं संशोधकांना आढळलंय. डिंक बनवणं महाग असतं. गरज नसेल तर रोप तो खर्च करत नाही.

हे त्याच्या तोंडावर फेकायचा मोह झाला. पण मग मीही तेच करत होतो. निसर्ग त्याच्या हावरेपणाचा साक्षीदार होऊ शकत नसेल, तर माझ्या संयमाचाही होऊ शकत नाही. रोप संयमी नाही आणि क्रूरही नाही. आपण कसं वागावं हे त्याला विचारून उपयोग नाही. त्याच्याकडे पाहून स्वतःला एवढंच विचारता येतं : माझी माती खरंच निकस आहे का?

माझे बाबा रसायनीच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत राबले. "पोटासाठी" हा शब्द ते वापरायचे तेव्हा त्याला वजन होतं. आम्ही चार माणसं एका खोलीत राहायचो. मी तोच शब्द वापरतो पनवेलच्या टू बीएचकेच्या हप्त्यासाठी. हप्ता खरा आहे, नाही असं नाही. पण बाबांची माती आणि माझी माती एक नाही. शब्द मात्र मी त्यांचाच उसना घेतलाय.

मी नोकरी सोडली नाही. कमाई शून्य करण्याचा भाग मी लिहिणार नाही, असं सांगितलं. तो दुसऱ्या कोणीतरी लिहिला. माझं नाव त्यावर नाही याचं समाधान किती मानावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो गेम भावाच्या फोनवरही आहे. त्याला मी सगळं सांगितलं. "बघतो," म्हणाला.

डिसेंबरात आम्ही दोघं पुन्हा गेलो. कातळ कोरडा ठणठणीत, रोपं वाळून गेलेली. भाऊ उकिडवा बसून मातीत बी शोधत होता. ते धुळीएवढं असतं, सापडलं नाही. "आपण पुसलं होतं ते कुठलं?" त्याने विचारलं. मलाही ओळखता आलं नाही.